सात नंबरची कॉर्ड

सात नंबरने कप फोडला. चुकून हातातून निसटला असं नव्हे. चांगला नेम धरून, भिंतीवर. तोही मुलीच्या देखत.

आता यात एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. म्हातारी माणसं चिडतात, कप फुटतात, दुसरे आणता येतात. पण सात नंबरला ओळखणाऱ्या कुणालाही हे सांगून बघा. तो म्हणेल, छट्, दुसरी कुणीतरी असेल. एकोणचाळीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरी केलेली बाई ही. त्यातली पहिली बावीस वर्षं बोर्डावर, डोक्याला हेडफोन अडकवून, सातव्या खुर्चीत. म्हणून तर नाव पडलं सात नंबर, आणि ते असं घट्ट बसलं की तिचा नवरासुद्धा तिला त्याच नावाने हाक मारायचा. गावातल्या प्रत्येक तापट माणसाने एकदा ना एकदा तिच्या कानात शिव्या ओतल्या होत्या. तिचा आवाज कधी एक पट्टी वर गेला नाही.

त्या मंगळवारी झालं असं, की नळाला दोन दिवस पाणी नव्हतं म्हणून तिने पाणी खात्याला फोन लावला. पलीकडे मशीनमधली बाई. तक्रारीसाठी एक दाबा, चौकशीसाठी दोन दाबा. सात नंबरने इमानेइतबारे सगळं दाबलं. मग मशीनबाई म्हणाली, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कृपया प्रतीक्षा करा. आणि वर संगीत. चोवीस मिनिटं! दर मिनिटाला तोच महत्त्वाचा कॉल. "अगं बये, एवढा महत्त्वाचा आहे तर उचल ना!" असं ती ओरडली, तळपायाची आग मस्तकात गेली आणि कप गेला भिंतीवर. चहाचा ओघळ कॅलेंडरवरून खाली आला. मुलगी दारातच उभी होती, हातातली पिशवी तशीच धरून.

मुलगी शाळेत गणित शिकवते. गणितवाल्यांना सगळं मांडून ठेवायची खोड असते. तिने तीन महिने एका लहानशा वहीत आईच्या चुका लिहून ठेवल्या होत्या आणि आईला त्याचा पत्ता नव्हता. दूध उतू गेलं ते तीनदा, गॅस चालू राहिला तो एकदा, चष्मा फ्रीजमध्ये सापडला, शेजारणीवर कारण नसताना खेकसली. त्या संध्याकाळी तिने वही टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "आई, आता तू माझ्याकडे राहायला ये. मागची खोली रिकामी केली आहे."

"आणि हे घर?"

"बंद करू. नंतर बघू काय करायचं ते."

घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बेचाळीस पायऱ्या. स्वयंपाकघरात गेलं की बाहेरच्या खोलीतला पंखा दिसतो, एवढंच. पण पलंगाजवळच्या खिडकीतून समोर एक्सचेंजची जुनी इमारत दिसायची. आता तिथे खाली फर्निचरचं दुकान होतं आणि वर कुणाचं तरी ऑफिस. पहिल्या मजल्यावरची डावीकडून चौथी खिडकी तिची होती. रोज सकाळी चहा घेताना ती त्या खिडकीकडे बघायची. काही खास आठवायची असं नाही, नुसती बघायची. मुलीच्या घरून दिसायची ती दुसऱ्याच्या घराची भिंत.

शेवटी असं ठरलं, की डॉक्टरांना दाखवायचं आणि ते काय म्हणतील तसं करायचं. सात नंबरने शब्द दिला. शब्द दिला की दिला, हा तिचा स्वभाव.

पण स्वभाव म्हणाल तर तिचा मूळ स्वभाव तो नव्हेच. बाप आग्यावेताळ होता आणि खाण तशी माती. लहानपणी तिने रागात भावाची सायकल विहिरीत ढकलली होती. एकोणिसाव्या वर्षी एक्सचेंजमध्ये नोकरी लागली तेव्हा तिची आई म्हणाली होती, "पंधरा दिवस टिकलीस तरी खूप झालं."

ती टिकली ते मोठ्या बाईंमुळे. मोठ्या बाई म्हणजे सुपरवायझर. बुटकी, जाड भिंगाची, बारा मुलींच्या उंच खुर्च्यांमागून रबरी तळाच्या चपला घालून हिंडायची. कधी मागे येऊन उभी राहिली ते कळायचं नाही. समोर बोर्ड, त्यावर शेकडो भोकं, प्रत्येक भोकावर इवलासा दिवा. कुणी फोन उचलला की दिवा लागायचा. मग एक कॉर्ड, म्हणजे टोकाला पिन असलेली वायर, त्याच्या भोकात घालायची, "नंबर प्लीज" म्हणायचं, जोडीची दुसरी कॉर्ड त्याला हव्या त्या नंबरात. दोन माणसं बोलायला लागायची. बोलणं संपलं की दिवे खुणावायचे आणि दोन्ही कॉर्डी काढून घ्यायच्या. सांगायला सोपं आहे. बारा जणी, बाराशे टेलिफोन आणि सकाळी दहा ते बारा नुसता शिमगा.

तिसऱ्याच दिवशी एका लाकडाच्या व्यापाऱ्याने तिला असं काही सुनावलं, की ती हेडफोन काढून उठलीच. मोठ्या बाईंनी खांदा दाबून खाली बसवलं. "डाव्या पायाचा अंगठा चपलेत दाब. जोरात. दुखेल एवढा. आता दहा मोज. मोजलेस? आता बोल."

"थांबा, जोडते," सात नंबर म्हणाली. आवाज साखरेसारखा.

"राग येऊ दे की," मोठ्या बाई नंतर चहा पिताना म्हणाल्या, "राग येणं आपल्या हातात नाही. तो पायात न्यायचा. तोंडात येऊ द्यायचा नाही."

दुसरी गोष्ट शिकवली ती याहून अवघड. बोर्डावर बसलं की कानावर पडायचंच. लाइन लागली का ते बघायला ऐकावं लागायचं. कुणाचं लग्न मोडलं, कुणाला मुलगा झाला, कोण कुणाला फसवतोय. बाई म्हणाल्या, "कॉर्ड काढली की विसरायचं. उद्या तो माणूस रस्त्यात भेटला तरी तुला काही ठाऊक नाही. नुसतं तोंड बंद ठेवून भागत नाही बरं का. पोटात ठेवलेलं कधीतरी ओठावर येतं. विसरायचंच." पोरी हसल्या. पण सात नंबरने ते खरंच शिकून घेतलं. प्रत्येक कॉर्ड काढताना ती मनातल्या मनात म्हणायची, गेलं. वर्षभरात अशी तयार झाली, की संध्याकाळी जिना उतरताना डोकं रिकामं असायचं. लोक ताकास तूर लागू देत नाहीत. हिच्याकडे ताकच नसायचं!

आणि लाइन मिळत नसली, माणूस खोळंबला असला, तर कॉर्ड आत ठेवायची. थोड्या थोड्या वेळाने प्रत्येकाकडे एक फेरी मारायची: "आहात ना लाइनवर?" एका वेळी पाच-सहा जण ती असे धरून ठेवायची, एकालाही वाटायचं नाही की आपल्याला विसरले.

अशाच फेरीत तिला नवरा मिळाला. तो लाइनमन होता. खांबावर चढून, तारेला टेस्टिंगचा फोन लावून एक्सचेंजला विचारायचा, "आवाज येतोय का?" आधी कुणालाही विचारायचा, मग नेमका सात नंबरलाच विचारायला लागला. आवाज स्वच्छ असला तरी म्हणायचा, "नीट येत नाहीये, अजून थोडं बोला." तीन नंबर, म्हणजे तिच्यापासून चौथ्या खुर्चीवरची मैत्रीण, म्हणायची, "बाई गं, या माणसाची लाइन दुरुस्त होणार नाही जन्मात." लग्नात मोठ्या बाईंनी हिरव्या लोकरीची टोपी विणून दिली. खांबावर वारा फार असतो म्हणून.

तो गेला तेव्हा मुलगी अकरा वर्षांची होती. खांबावरून पडला. मुलीला त्या दिवसाचं एकच आठवतं: शेजारच्या काकूंनी शाळेतून आणलं, दवाखान्याच्या बाकावर बसवलं, सगळे होते, आई नव्हती. आई आली संध्याकाळी साडेसहाला. ड्यूटी संपवून. डोळे कोरडे. मुलीने मोठेपणी हे एकदाच बोलून दाखवलं होतं, भांडणात: "तू तेव्हाही रडली नाहीस." सात नंबरने अंगठा दाबला होता, दहा मोजले होते आणि म्हणाली होती, "जेवून घे." त्यानंतर तो विषय दोघींमध्ये कधी निघाला नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. "या आजी, बसा," म्हणाल्या. सात नंबरला आजी शब्द आवडला नाही, पण ती बसली. पाच शब्द सांगितले: नदी, खुर्ची, लिंबू, पडदा, बस. ते तिने म्हणून दाखवले. "छान," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे झालं. आता आपण दुसरं काहीतरी करू." कागदावर घड्याळ काढायला लावलं, तिने झकास काढलं. महिने उलटे म्हणायला लावले; तिने धडाधड म्हटले. शंभरातून सात-सात वजा करायला लावले, त्यात मुलीपेक्षा वेगात गेली. मग त्यांनी विचारलं, "मघाचे पाच शब्द कोणते होते?"

कोणते शब्द? सात नंबरने डोक्यात पाहिलं. स्वच्छ, झाडून काढलेली खोली. एकही नाही. तिने मुलीकडे पाहिलं आणि मुलीने वहीकडे.

साठी बुद्धी नाठी, ही म्हण ज्याने काढली तो तिशीचा असणार आणि त्याला आई नसणार. पण त्या क्षणी सात नंबरला तीच आठवली. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला सांगितलं, झोप कशी लागते विचारलं, रोज चालायला सांगितलं, चार माणसांत राहा म्हणाल्या. "एका परीक्षेवरून काही ठरवायचं नसतं. महिन्याने पुन्हा बघू." पण मुलीने ठरवलं होतं. परत येताना बसमध्ये ती हळूच म्हणाली, "महिन्यानेही असंच आलं, तर मग नाही म्हणायचं नाही हं आई." सात नंबरने मान डोलावली. आता घर राहणार की जाणार ते पाच शब्दांवर आलं होतं.

संध्याकाळी सहाला तीन नंबरचा फोन आला. रोज यायचा. गेली पंधरा वर्षं, नोकरी संपल्यापासून, एकही दिवस चुकला नव्हता. सात नंबरने सगळं सांगितलं, आवाज जरा ओला झाला.

"एक मिनिट," तीन नंबर म्हणाली. "डॉक्टरीण नेमकं काय म्हणाली? शब्द झाल्यावर?"

"म्हणाली, हे झालं, आता दुसरं करू."

"मग तू काय केलंस?"

सात नंबरने कपाळावर हात मारला. मग म्हणाली, "अगं बाई! मी कॉर्ड काढली."

"काढलीस ना? मला ठाऊकच होतं! जित्याची खोड!" तीन नंबर खदाखदा हसली. "थांब, मी बघते. कागद घेऊ नकोस. मी पाच शब्द देते, कॉर्ड आत ठेव." तिने पाच शब्द दिले. मग स्वतःच्या गुडघ्यांचं पुराण लावलं, डावा, उजवा, मग सुनेचं, मग परत डावा. पंधरा मिनिटांनी सात नंबर म्हणाली, "विचार आता."

"काय विचारू?"

"शब्द गं."

"हां. सांग."

सात नंबरने पाच शब्द सांगितले. "बरोबर आहेत का?" तिने विचारलं.

"मला काय माहीत?" तीन नंबर म्हणाली. "मी कुठे लिहून घेतले होते?"

दोघी इतक्या हसल्या, की शेजारीण बघायला आली.

पण हसणं संपल्यावर सात नंबर खिडकीशी बसली आणि तिने स्वतःला एक गोष्ट कबूल केली. शब्दांचं खापर कॉर्डीवर फुटलं, ठीक. दुधाचं काय? गॅसचं काय? कपाचं काय? ते काही कुणी शिकवलेलं विसरणं नव्हतं. रागाला पायात न्यायची सवय रोजच्या सरावाची होती. रोज दोनशे माणसं यायची, रोज अंगठा दुखायचा. आता घरात सपाता, उलट उत्तर द्यायला कुणी नाही, आणि राग मोकाट. वापरात नसलं की लोखंडही गंजतं, मग माणसाचं काय? म्हातारपणाला ती घाबरत नव्हती. आपण आपल्या ताब्यात राहणार नाही, याला मात्र घाबरत होती. उघड सांगायचं तर फार घाबरत होती.

दुसऱ्या दिवसापासून तिने पुन्हा ड्यूटी लावली. सकाळी सपाता काढून बंद चपला. बेचाळीस पायऱ्या दोनदा, भाजीसाठी एकदा आणि भाजी नको असली तरी एकदा. गॅस पेटवला की जुन्या ट्रंक कॉलसारखी स्लिप फाडायची: काय ठेवलं, किती वाजता, किती मिनिटं. ती ओट्याच्या वरच्या फरशीला चिकटवायची आणि काम झालं की तिच्यावर काट मारायची. सहाला तीन नंबर पाच शब्द द्यायची, आता लिहून घेऊन. सात नंबर चार शब्द चार बोटांच्या टोकांशी, पाचवा अंगठ्याशी अडकवायची आणि बोलता बोलता अंगठा एकेका बोटावरून फिरवायची. आहात ना लाइनवर? कधी पाच मिळायचे, कधी तीन. एके दिवशी एकच मिळाला आणि ती रात्री जेवलीच नाही. दूध त्या महिन्यातही एकदा उतू गेलं. स्लिप होती, बघायचीच राहिली. तिने तेही मुलीला फोन करून सांगितलं. "वहीत लिही," म्हणाली.

नळ पुन्हा कोरडा पडला तेव्हा पाणी खात्याला तिने पुन्हा फोन लावला. मशीनबाईचं महत्त्वाचं पुराण सुरू झालं. सात नंबरने अंगठा दाबला. एकतीस मिनिटांनी एक मुलगी आली लाइनवर, दमलेली, आवाज आधीच भांडणाच्या तयारीत. सात नंबर म्हणाली, "सकाळपासून किती शिव्या खाल्ल्या?" मुलगी थांबली आणि हसली. पाणी संध्याकाळी आलं.

महिना झाला. पुन्हा तीच खुर्ची, तीच डॉक्टरीणबाई, बाजूला मुलगी. नवे शब्द: घोडा, साबण, शाळा, कात्री, ढग. "हे झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सात नंबर मनात म्हणाली, झालं तुमचं असेल. घड्याळ, महिने, वजाबाक्या. टेबलाखाली अंगठा बोटांवरून फिरत होता.

"आता सांगा."

"घोडा. शाळा. कात्री. ढग." आणि दुसरं बोट रिकामं. अंगठा दाबून बघितला, डोळे मिटून बघितले. दिवा लागलेला दिसत होता, नंबर दिसत नव्हता. "एक निसटला," ती म्हणाली. "चारच आहेत."

"चार खूप चांगले," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मागच्या वेळी काय झालं होतं?"

मग सात नंबरने कॉर्डीची हकीकत सांगितली. डॉक्टरीणबाई टेबलावर कोपर टेकून ऐकत राहिल्या. "म्हणजे बावीस वर्षांत जे जे ऐकलंत ते सगळं विसरलात? एकूण एक?"

"एक सोडून," सात नंबर म्हणाली.

हे ती बोलणार नव्हती. तोंडातून गेलं. अंगठा दाबायला हवा होता, तिने दाबला नाही. समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत बोलत राहिली.

"तीन चाळीसला तीनशे अठराचा दिवा लागला. चौकातलं औषधांचं दुकान. मी म्हटलं नंबर प्लीज. दुकानदार म्हणाला, दवाखाना द्या लवकर, तुमचाच लाइनमन आहे, खांबावरून पडला. हिरव्या टोपीचा. मी म्हटलं, जोडते. दहासुद्धा मोजले नाहीत, वेळ नव्हता. जोडलं. दवाखान्यातून म्हणाले गाडी पाठवतो. दुकानदाराने फोन ठेवला नाही, तसाच धरून होता, मागे रस्त्यावरचे आवाज येत होते. मग तो परत बोलला. म्हणाला, राहू द्या, आता घाई नको." तिने ग्लास थोडा सरकवला. "मग दोन्हीकडचे दिवे खुणावले. संपलं म्हणून. आणि मला कॉर्ड काढता येईना. काढली की गेलं असतं ना. तो नियमच होता. मी ती आत ठेवली आणि बाकीच्या कॉर्डींवर काम करत राहिले. मोठ्या बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांना कळलं होतं. म्हणाल्या, ऊठ, घरी जा. मी म्हटलं, बाई, कॉर्ड आत आहे. सहाला ड्यूटी संपली तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने काढली. मी नाही काढली. मी ती अजून काढलेली नाही."

आणि सात नंबर रडली. हुंदके देऊन, लहान पोरासारखी, नाक ओढत. छत्तीस वर्षं पायात साठलेलं सगळं वर आलं. डॉक्टरीणबाईंनी कागदी रुमालांचा डबा पुढे केला. मुलगी खुर्चीत ताठ बसली होती, हातात वही, आणि तिला पान दिसत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी खरं ते सांगितलं. थोडी झीज आहे. ती नाही असं म्हणणार नाही. पण धरून ठेवायची ताकद आहे, आणि ती वापरात ठेवलेली बरी. दर सहा महिन्यांनी या. कुठे राहायचं ते तुम्ही दोघी ठरवा, ते माझ्या तपासणीत येत नाही.

बेचाळीस पायऱ्या दोघी चढल्या. वर आल्यावर मुलगी खिडकीशी गेली. समोरच्या इमारतीतली डावीकडून चौथी खिडकी तिने लहानपणापासून हजारदा पाहिली होती. आज ती खूप वेळ बघत राहिली.

"मला का नाही सांगितलंस?" तिने विचारलं. पाठमोरीच. "मी अकरा वर्षांची होते आई. मला वाटलं तुला काहीच वाटलं नाही. छत्तीस वर्षं मी तेच धरून बसले."

"नियम होता," सात नंबर म्हणाली. मग तिलाच ते उत्तर फार फालतू वाटलं. "आणि तुला सांगितलं असतं तर मी कोसळले असते. तुला जेवायला कुणी घातलं असतं?"

मुलगी वळली. तिचाही राग आजोबांकडूनच आलेला. सुंभ जळला तरी पीळ जातो का? ती ओरडली, "तुझं ते जेवण घाल चुलीत!" आणि आईच्या गळ्यात पडली. सात नंबर तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. या खेपेला तिने काही मोजलं नाही.

जाताना मुलीने मागच्या खोलीचा विषय काढला नाही. दाराची एक किल्ली मात्र स्वतःजवळ ठेवून घेतली आणि सांगितलं, की रोज सकाळी सातला मी फोन करीन आणि तू उचलायचास, नाहीतर मी शाळा सोडून येईन. वही टेबलावरच राहिली. ती विसरली, की मुद्दाम ठेवली, कोण जाणे. मागच्या कोऱ्या पानांच्या सात नंबरने स्लिपा केल्या.

अकरा दिवसांनी, दुपारच्या सुट्टीत, शिक्षकांच्या खोलीत मुलीचा फोन वाजला. आईचा नंबर. अवेळी. सगळ्यांच्या देखत ती उभीच राहिली. "आई? काय झालं?"

"साबण!" पलीकडून सात नंबर ओरडली.

"काय?"

"अगं साबण! पाचवा! हात धूत होते आणि लागली लाइन. अकरा दिवस कॉर्ड आत ठेवली होती मी. त्या डॉक्टरणीला कळव. पाच झाले म्हणावं."

मुलीला हसू यायला लागलं आणि हसता हसता डोळ्यांना पाणी आलं. शेजारच्या बाईंनी खुणेने विचारलं, काय? तिने मान हलवली. फोन कानाला तसाच लावून ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"आहेस ना लाइनवर?" सात नंबरने विचारलं.

"आहे आई. तू?"

"मी आहे गं. पण पटकन बोल. दूध ठेवलंय, आणि स्लिपवर चारच मिनिटं लिहिली आहेत."